घोड्यावर बसा, पण डोके सांभाळून

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आपल्याकडील कुटुंबे माथेरान-महाबळेश्वरला निघतात आणि घाटावरचे पाहुणे गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर येतात. दोन्हीकडे मुलांचा एक हट्ट ठरलेला : घोड्यावर बसायचे! हा हट्ट पुरवू नये, असे मी म्हणणार नाही. घोडा माणसाचा जुना सोबती आहे. कोकणात फुरसे चावल्यावर जे इंजेक्शन प्राण वाचवते, तेही घोड्याच्याच रक्तापासून तयार होते. तेव्हा माझी तक्रार घोड्याबद्दल नाही, आपल्या बेफिकिरीबद्दल आहे.

स्कूटरवर हेल्मेट हवे, हे आता आपल्याला पटू लागले आहे. घोड्यावर मात्र आपण उघड्या डोक्याने बसतो. घोड्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके जमिनीपासून सात-आठ फुटांवर असते. खाली वाळू असो की माथेरानचा जांभा दगड, तेवढ्या उंचीवरून डोक्यावर पडणे म्हणजे थट्टा नव्हे. शिवाय स्कूटर बिचकत नाही, घोडा बिचकतो. उघडलेली छत्री, प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ, माकडाची उडी एवढे त्याला पुरते.

पडणारा नवखाच असतो असेही नाही. ‘सुपरमॅन’च्या भूमिकेमुळे जगभर गाजलेला अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह हा सराईत स्वार. २७ मे १९९५ रोजी अमेरिकेत एका स्पर्धेत तो घोड्यावरून पडला. डोक्यावर हेल्मेट होते, पण मानेचे वरचे दोन मणके मोडले. २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो मानेखाली लुळाच राहिला. हेल्मेट डोके वाचवते, मानेची हमी देत नाही. म्हणून पडल्यानंतर काय करायचे, हेही ठाऊक हवे.

बसण्यापूर्वी : पट्टा नीट बसणारे हेल्मेट मागा. पायात बूट हवेत. चप्पल घातलेला पाय रिकिबीत अडकला, तर घोडा माणसाला फरफटत नेतो. लहान मुलाला पुढ्यात घेऊन बसू नका. पडलात तर तुमचे सारे वजन त्याच्यावर येते. लगाम घोडेवाल्याच्या हाती असू द्या आणि घोडा पळवायला सांगू नका. फोटोसाठी घोड्याच्या मागे उभे राहू नका. गरोदर स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी हा मोह टाळावा. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी प्रवास विम्यात घोडेस्वारी धरली आहे का, तेही आधी पाहावे.

पडल्यास : आपल्याकडे चार जण धावतात, उचलून बसवतात आणि पाणी पाजतात. हे तिन्ही चुकीचे! मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर आहे तसे राहू द्या, डोके-मान स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. उलटी होऊ लागली, तर डोके, मान व धड एकाच रेषेत ठेवून सर्वांनी मिळून कुशीवर वळवा. पडल्यावर मूल हसत-खेळत असले, तरी चोवीस तास लक्ष ठेवा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठा. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. तीच तिथली शोभा, पण त्यामुळे मदतीला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवा.

खरचटले तरी दुर्लक्ष नको. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना विचारून इंजेक्शन घ्या. घोडा चावला असेल, तर रेबीजच्या लशीबद्दलही विचारा.

घोडेवाल्याचे पोट या धंद्यावर आहे, त्याला दोष देऊन भागणार नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी परवाना देताना प्रत्येक घोड्यामागे दोन हेल्मेटांची, एक लहान व एक मोठे, अट घालावी. पण तोवर वाट कशाला पाहायची? गिऱ्हाईक मागेल तेच दुकानात येते. तुम्ही हेल्मेट मागा. नसेल, तर मुलाला घोड्याच्या मानेवरून हात फिरवू द्या, आणि चालत फिरा. हट्ट पुढच्या वर्षीही पुरवता येतो.