स्लाइड नंतर, आधी श्रोता

मंडळाच्या मागच्या कार्यक्रमात मी फादर स्टीफन्सवर बोललो. बारा स्लाइड, सगळ्या मजकुराने गच्च. पडद्याकडे तोंड करून वाचत सुटलो; मागच्या बाकावर कुणीतरी चक्क डबा उघडला! राग आला, पण चूक माझीच. स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचलं, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ओवीची सवय होती. त्यात श्रोता मध्येच शंका विचारतो, पाद्री उत्तर देतो. माझ्या समोरच्यांना काय विचारावंसं वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या मते स्लाइड करण्याआधी श्रोत्यांचे तीन प्रश्न कागदावर लिहावेत. पडद्यावर एखादी ओवी पुरे, आणि तीही चालीवर म्हणावी. पुढच्या महिन्यात पुन्हा माझीच पाळी आहे. डबे आणा, बघू उघडता का!