वृद्धाश्रमाबाहेरचे चार दिवस

दसरा-दिवाळीच्या तोंडावर देशभरातील वृद्धाश्रमांत एक नोंदवही वरचेवर उघडली जाते. बाहेर जाणाऱ्याचे नाव, खोली क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, नाते, सही आणि परतण्याची तारीख, एवढे रकाने तिच्यात असतात. गेल्या काही वर्षांत उत्तरेत आणि दक्षिणेत अशा अनेक वह्या मी चाळल्या आहेत. औषधांसाठी रकाना क्वचितच दिसला. परतलेला माणूस कोणत्या अवस्थेत परतला, याची नोंद तर जवळजवळ कोठेच नाही. एखाद्या धर्मादाय संस्थेतून चाकाची खुर्ची उसनी नेताना जेवढे लिहून घेतात, तेवढेही माणूस नेताना लिहून घेतले जात नाही.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. पण आश्रमातला माणूस चार दिवस घरी जातो तेव्हा काय घडते, ते जरा बारकाईने पाहू. आश्रमात त्याचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. घरी पहिल्याच सकाळी पूजा लांबते. इन्सुलिनची सुई सवयीप्रमाणे साडेसातला टोचून झालेली असते आणि नैवेद्य दाखवल्याखेरीज ताट वाढायचे नाही, म्हणून न्याहारी बारावर जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे समजतात, प्रवासाचा शीण आहे. दुसऱ्या एखाद्या घरी गोळ्यांची कथा निराळी असते. हृदय अशक्त असलेल्या आजोबांना लघवी साफ होण्याची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. पण बस वाटेत कोठे थांबेल याचा भरवसा नाही, म्हणून ते स्वतःच ती जाताना टाळतात, पाहुण्यांच्या घरी संकोचापायी आणखी एक दिवस टाळतात, आणि तिसऱ्या रात्री पाय सुजून धाप लागते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या आजींना गुडघा दुखतो म्हणून सून प्रेमाने घरातली वेदनाशामक गोळी देते. त्या दोन गोळ्यांचे एकमेकींशी जमत नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. आणि रात्रीचे काय? अनोळखी झालेल्या आपल्याच घरात अंधारात न्हाणीघर शोधताना पडणे, हा तर वृद्धांच्या डॉक्टरांना पाठ असलेला प्रसंग.

यांपैकी एकाही प्रसंगात दुष्टपणा नाही, आणि वैद्यकशास्त्राचे गूढही नाही. कागदावरच्या चार ओळी यांतले बरेचसे टाळू शकतात. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २०१४ साली निवासी शुश्रूषागृहांतील औषधांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. निवासी माणूस काही काळ बाहेर जाणार असेल तर सोबत काय द्यावे, हे त्यात साध्या शब्दांत सांगितले आहे : कोणती औषधे सोबत आहेत, ती कशी, केव्हा आणि किती घ्यायची, प्रत्येक औषधाची शेवटची मात्रा कधी दिली व पुढची कधी द्यायची, आणि शंका आली तर कोणाला विचारायचे. यात आपल्याला न परवडणारे काय आहे? एक छापील कागद आणि तो भरून समजावून सांगायला लागणारी पंधरा मिनिटे. तो कागद मात्र मराठीत, बांगलात, मल्याळमध्ये, म्हणजे नेणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत हवा. डॉक्टरच्या अक्षरातली इंग्रजी चिठ्ठी सुनेच्या कामाची नाही.

याच पोकळीची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. ज्या आश्रमांना बाहेरच्या चार दिवसांची भीती वाटते, ते सोपा मार्ग पत्करतात आणि दार बंद ठेवतात. २०२० मध्ये साथीमुळे बंद झालेली दारे समजण्यासारखी होती. साथ ओसरली, काही ठिकाणी सवय मात्र राहिली. आता कारण म्हणून 'जबाबदारी' हा शब्द पुढे केला जातो. दक्षिणेतील एका शहरात मला एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तर, वृत्तपत्र रोज अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या, हिशेबाला पक्क्या. धाकट्या बहिणीच्या नातवाच्या लग्नाला जायची त्यांची इच्छा होती. बहिणीचा मुलगा गाडी घेऊन दारात आला होता. व्यवस्थापकांनी नकार दिला. कारण परदेशातील मुलाने प्रवेशाच्या वेळी लिहून दिले होते की, माझ्या लेखी संमतीशिवाय आईला कोणाबरोबर पाठवू नये. महिन्याचे पैसे तोच भरतो. त्या रात्री त्याचा फोन लागला नाही. बाई लग्नाला गेल्या नाहीत.

या प्रसंगात कायदा काय म्हणतो? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या नागरिकाला त्याच्या इच्छेविरुद्ध आवारात रोखून ठेवणे म्हणजे बेकायदा अटकाव. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ नुसार तो गुन्हा आहे. मुलाने भरलेल्या पैशांतून आईच्या स्वातंत्र्यावरचा हक्क विकत मिळत नाही. व्यवस्थापकांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. त्यांनी मला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : सोडले आणि वाटेत काही झाले तर मुलगा मला न्यायालयात खेचेल; न सोडल्याबद्दल मला कोणीही जाब विचारणार नाही. माणूस वाईट नव्हता. नियमांच्या अभावी त्याने स्वतःपुरता काढलेला हिशेब अचूक होता, आणि दुखणे नेमके तेच आहे.

येथे आपल्या कायद्यांतील एक विसंगती नोंदवली पाहिजे. बालगृहात ठेवलेल्या मुलाला परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, आप्ताचा मृत्यू, आईवडिलांचे गंभीर आजारपण अशा प्रसंगी बाहेर जाता यावे, यासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ९८ आहे. रजेची मुदत साधारणपणे सात दिवस, आणि प्रवासाचा काळ त्यात धरायचा नाही, इतक्या बारकाव्याने ते लिहिलेले आहे. मनोरुग्णालयातील व्यक्तीला रजा देण्याची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९१ मध्ये आहे. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यालाही पॅरोल आणि फर्लो आहे. वृद्धाश्रमातील माणसासाठी मात्र काहीच नाही. कायद्याच्या नजरेत तो मुक्त आहे, म्हणून त्याच्या जाण्या-येण्याचा विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही; आणि विचार झाला नाही म्हणून व्यवहारात तो या तिघांपेक्षाही अधिक अडकलेला आहे.

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा वृद्धाकडे मुख्यत्वे दोनच रूपांत पाहतो : मुलांकडून निर्वाहखर्च मागणारा आणि निराधार. कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची गोष्ट करते, तीही 'शासन स्थापन करू शकेल' अशा सैल भाषेत. आश्रमात राहूनही ज्याचे गाव, गोतावळा, मतदारसंघ, देवस्थान शाबूत आहे, जो जातो आणि परत येतो, असा वृद्ध त्या कायद्याच्या कल्पनेतच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान मानके यांचा समावेश होता. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर विधेयकही संपले. दरम्यान आकडे थांबलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील भारतीय दहा कोटींवर होते. केंद्राच्याच तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत लोकसंख्येतील त्यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास जाईल.

मग बालगृहाच्या धर्तीवर रजेचा नियम करावा काय? मला तसे वाटत नाही. 'रजा' या शब्दातच देणारा आणि मागणारा अशी उतरंड आहे. शुद्धीवर असलेल्या ज्येष्ठाने आश्रमाला कळवावे; परवानगी मागू नये. आश्रमाचे कर्तव्य अडवण्याचे नसून तयारी करून देण्याचे असावे : औषधे मूळ वेष्टनात, लेखी सूचना, चष्मा, काठी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, रात्री फोन उचलणारी व्यक्ती. हे सारे नीट करून दिले असेल तर पुढे घडणाऱ्या अपघाताबद्दल आश्रमाला दोषी धरले जाणार नाही, असे संरक्षणही नियमांतच असायला हवे. त्याखेरीज व्यवस्थापकांचा हिशेब बदलणार नाही. साथीच्या अनुभवातून शहाणे होऊन इंग्लंडने एप्रिल २०२४ पासून नियम केला की, शुश्रूषागृहाने निवाशांना बाहेर जाण्यापासून परावृत्त करू नये. आपल्याकडे न सोडल्याचा जाब विचारणारा असा नियम आल्याशिवाय दार उघडणार नाही.

पण येथेच एक अवघड वळण आहे, आणि वृद्धांच्या स्वातंत्र्याचे समर्थक ते घाईने ओलांडतात. नेणारा प्रत्येक जण प्रेमापोटीच नेतो असे नाही. सणाच्या निमित्ताने आईला घरी न्यायचे, दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात उभे करायचे आणि अंगठा घेऊन तिसऱ्या दिवशी परत सोडायचे, या प्रकाराचे वर्णन मी एकाहून अधिक राज्यांतील आश्रमसेविकांकडून ऐकले आहे. काळजीची अट घालून दिलेली मालमत्ता त्या अटीचा भंग झाल्यास परत मिळवण्याची सोय २००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे खरी. पण ती न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढू शकणाऱ्यांसाठी. म्हणून निघण्यापूर्वी एक गोष्ट व्हायलाच हवी. नेणारा समोर नसताना, ज्येष्ठाच्या भाषेत, त्याला विचारावे : तुम्हाला जायचे आहे का? किती दिवस? मध्येच परत यावेसे वाटले तर कोणाला सांगाल? केंद्राची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे. तो क्रमांक सोबतच्या कागदावर ठळक छापावा. परत आल्यावरही पाच मिनिटे एकांतात बोलावे, वजन करावे, अंगावर जखमा नाहीत ना ते पाहावे. ही झडती नव्हे. दवाखान्यातली कोणतीही चांगली परिचारिका एवढे सहज करते.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत सारेच निराळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. अशा व्यक्तीसाठी गर्दीच्या लग्नघरातील चार दिवसांपेक्षा ओळखीच्या देवळातील दोन तास हितकारक ठरू शकतात. सोबत त्याला ओळखणारा एकच माणूस शेवटपर्यंत हवा; गर्दीत हात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हाच माणसे हरवतात. त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो निघतानाच मोबाइलमध्ये काढून ठेवावा, म्हणजे शोधाशोधीत पोलिसांना दहा वर्षांपूर्वीचे आधार कार्ड दाखवावे लागत नाही. पण निदान कागदावर आले म्हणून माणूस कायमचा आत ठेवायचा, हा निष्कर्ष मला मान्य नाही. अगदी अलीकडचे विसरलेल्या माणसालाही जुन्या अंगणातला पार ओळखू येतो.

शासनाची धोरणेही या प्रवासाला फारशी अनुकूल नाहीत. रेल्वेत पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के मिळणारी ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली, ती परत आली नाही. आश्रमातील वृद्धा आणि तिला सोबत करणारी सेविका अशी दोन तिकिटे काढणे धर्मादाय संस्थेला सोपे नाही. उलट एक गोष्ट उपयोगाची झाली आहे : ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेखाली पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे, आणि ती राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. ते कार्ड आश्रमाच्या कपाटात कुलूपबंद न राहता प्रवासाच्या पिशवीत जायला हवे, एवढेच.

आणि ज्यांना नेणारे कोणी नाही त्यांचे काय? वृंदावनातील विधवांपैकी अनेक जणी बंगालमधून आलेल्या. सुलभ इंटरनॅशनलच्या पुढाकाराने त्यांतल्या काहींना दुर्गापूजेसाठी कोलकात्याला नेण्यात आले, तेव्हा वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली आणि करुणेचे अग्रलेख लिहिले. मला त्या प्रवासात करुणेपेक्षा व्यवस्था महत्त्वाची वाटते. कोणीतरी डबा आरक्षित केला असेल, औषधांच्या पिशव्यांवर नावे घातली असतील, कोणाला खालचा बर्थ हवा ते पाहिले असेल. अशी कामे देणगीदारांच्या मर्जीवर न ठेवता आश्रमाच्या नेहमीच्या खर्चात धरली, तर कुटुंब नसलेल्यालाही वर्षातून एकदा गाव दिसेल.

यासाठी नव्या विधेयकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अटल वयो अभ्युदय योजनेखाली केंद्राचे सामाजिक न्याय मंत्रालय वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देते. अनुदानाच्या अटींत बाहेर जाण्याचा लेखी कागद, एकांतातील विचारपूस आणि परतल्यावरची तपासणी या तीन बाबी घालणे प्रशासकीय आदेशाने होण्यासारखे आहे. राज्ये आपल्या नियमावलीत खासगी आश्रमांनाही त्या लागू करू शकतात. खाटा, शौचालये आणि अग्निशामक नळकांडी मोजणाऱ्या तपासणी अधिकाऱ्याने आणखी दोन आकडे मागावेत : गेल्या तीन महिन्यांत किती जण बाहेर जाऊन आले, आणि किती जणांना जायचे असूनही जाता आले नाही.