अठराव्या शतकातील मुत्सद्दी, त्यांचे स्नान आणि आपला ग्रीष्म

ग्रीष्म जवळ आला की आपल्या व्याख्यानांतून एक तुलना हमखास कानी पडते. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेतील बडे मुत्सद्दी महिनोन्महिने स्नान करीत नसत, केसांच्या टोपांत उवा बाळगीत आणि अंगाची दुर्गंधी अत्तराने झाकीत. त्याच काळी पेशवे व त्यांचे कारभारी मात्र स्नान करून धूतवस्त्र नेसल्यावाचून अन्नास शिवत नसत. सभागृहात टाळ्या पडतात. ही तुलना सर्वस्वी खोटी आहे असे नव्हे. परंतु तीवरून आपली दिनचर्या श्रेष्ठ आणि म्हणून आपण श्रेष्ठ, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो वैद्याने काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम पाश्चात्त्यांविषयी. उष्ण जलाने त्वचेची रंध्रे उघडतात व त्यांतून रोग शरीरात शिरतो, अशी समजूत तिकडे दीर्घकाळ होती. म्हणून ते लोक अंग धुण्याऐवजी आतील तागाचे वस्त्र बदलण्यावर भर देत. टोपांवर पिष्टाची पूड टाकण्याची चाल इतकी बोकाळली होती की १७९५ मध्ये इंग्लंडात त्या पुडीवर कर बसला. १७८७ च्या मे ते सप्टेंबर या काळात फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची राज्यघटना सिद्ध झाली. चर्चा गुप्त राहावी म्हणून दारांवर पहारे बसवून ते विद्वान ऐन उन्हाळ्यात कोट घालून बसत. त्यांच्यातच एक्याऐंशी वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन होते. रोज पहाटे विवस्त्र होऊन खोलीत अर्धा-एक तास बसणे, अर्थात वायुस्नान, हा आपला परिपाठ त्यांनी १७६८ च्या एका पत्रात नोंदविला आहे. १७७६ मध्ये प्रवासात एका खोलीत रात्र काढण्याची वेळ आली तेव्हा खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावर जॉन अॅडम्स यांच्याशी त्यांचा वाद झाला. कोंदट हवेत दाटीने राहण्यामुळे पडसे होते, हे त्यांचे म्हणणे. हा गृहस्थ आपल्या वैद्यसभेत शोभला असता!

आता पुण्याकडे वळू. स्नानाचे गुण वाग्भटाने सांगितले आहेतच. कंडू, मल, श्रम, स्वेद, तंद्रा, तृष्णा व दाह यांचा नाश स्नानाने होतो. पण रोजच्या स्नानाला रोजचे पाणी लागते, आणि ते पेशव्यांच्या पुण्यात आपोआप आले नव्हते. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीचे बंदिस्त नळ शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, केवळ उताराच्या बळावर पाणी खेळविले आणि ते शनिवारवाड्याबरोबरच काळ्या हौदासारख्या सार्वजनिक हौदांतही सोडले. शनिवारवाड्यातील सोळा पाकळ्यांच्या कमळाकृती हजारी कारंज्याचे कौतुक सर्वजण करतात. आमच्या मते आरोग्यदृष्ट्या खरे कौतुक त्या हौदांचे आहे. नाना फडणीसांनी वाईजवळ मेणवली येथे वाडा बांधला तोही कृष्णेच्या काठी, समोर प्रशस्त घाट बांधून.

टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा प्रसंग दाखविणारे एक चित्र प्रसिद्ध आहे. जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल याने ते १८०५ मध्ये पूर्ण केले. पेशव्यांच्या दरबारात मराठे मुत्सद्दी पातळ, पांढऱ्या, सैल वस्त्रांत बैसले आहेत आणि त्यांच्या बाजूला चार्ल्स मॅलेट यांची मंडळी अंगाबरोबर बसणाऱ्या कोटांत आहेत. ग्रीष्मचर्येचा पाठ शिकविण्यासाठी हे चित्र वर्गात लावण्यासारखे आहे. तथापि पातळ वस्त्रे, सावलीचा महाल, वाळ्याचा सुगंध, भर दुपारी विश्रांती आणि पाणी ओतणारे सेवक ही सारी सोय होती. ती ज्याच्यापाशी होती त्याचा ग्रीष्म सुसह्य झाला.

ती सोय जेथे सरली तेथे काय झाले, याचे उदाहरण याच घराण्यात आहे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने निवर्तले. वय अवघे एकोणचाळीस. नासिरजंगाशी झालेल्या तहात मिळालेल्या निमाडातील जहागिरीचा बंदोबस्त करण्यासाठी ते भर वैशाखाच्या तोंडावर त्या तापलेल्या मुलखात छावणी देऊन होते. तो उष्माघातच होता असे काही लोक ठामपणे लिहितात. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी नाडी पाहण्याचा मोह आम्ही आवरतो. एवढे मात्र निश्चित, की नित्यस्नान व शुचिता यांची परंपरा त्या तंबूतही होतीच, आणि तिने त्यांना वाचविले नाही.

आमच्या चोरखमारा परिसरात, नागझिऱ्याच्या जंगलालगत, असे तंबू नाहीत. तेंदूच्या फळ्या आहेत. एप्रिलच्या अखेरीपासून घरातील स्त्री-पुरुष पहाटे पान तोडण्यास निघतात. वाघाच्या भीतीने अंधारात शिरता येत नाही, म्हणून तोडणी उन्हात लांबते. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, आणि मग फळीवर, उघड्या माळावर, तो उलथापालथा घालीत सुकवायचा. अशा मनुष्याला आम्ही वैद्य सांगतो: ऊन वर्ज्य करा, श्रम वर्ज्य करा, दिवसा निजा, शीत व मधुर द्रव घ्या, लवण टाळा. ग्रंथातील शब्द बरोबर आहेत, परंतु ते विश्रांती घेऊ शकणाऱ्यास उद्देशून आहेत. दिवसभर घामाने निथळणाऱ्याला लवण टाळण्यास सांगणे आम्हांस अयोग्य वाटते. त्याला मीठ घातलेले ताक, आंबील, पेज, कैरीचे पन्हे किंवा जलसंजीवनी थोडी थोडी, वारंवार दिली पाहिजे. देश, काल, बल आणि सात्म्य पाहून चिकित्सा करावी, हेही त्याच ग्रंथांत आहे.

वैयक्तिक स्वच्छतेचेही तसेच. मे महिन्यात आमच्याकडे घामोळे आणि दद्रू यांचे रुग्ण रांग लावून येतात. जांघेत, काखेत, कमरेच्या घडीत ओलावा राहतो. लुगडे एकच, तेच धुऊन अर्धवट वाळलेले पुन्हा नेसायचे. बाजारातील स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज तात्पुरती थांबते आणि रोग दुपटीने पसरतो. आम्ही ते मलम बंद करवितो, अंग कोरडे ठेवण्यास सांगतो, आणि रुग्ण विचारतो, बदलायला दुसरे कापड कोठून आणू? ह्या प्रश्नाला आमच्या औषधालयात उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट सहव्यावसायिकांना आग्रहाने सांगावयाची आहे. उन्हातून आलेल्याच्या अंगावर लगेच गार पाणी घालू नये, हा समज गावोगाव आहे आणि काही वैद्यही त्याला दुजोरा देतात. ज्याचे अंग तव्यासारखे तापले आहे, जो बरळतो, झोकांड्या खातो किंवा शुद्ध हरपून पडला आहे, त्याच्या बाबतीत हा समज प्राणघातक ठरतो. त्याला त्याच क्षणी सावलीत घेऊन, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पन्हे किंवा पाणी मुळीच घालू नये. पाणी ओतत असतानाच वाहन बोलवावे व रुग्णालयात न्यावे. कांद्याचा रस तळपायाला चोळण्यात घटका घालवू नये. येथे पॅथीचा अभिमान आड येता कामा नये.

म्हणून आमची सूचना अशी की आपल्या संघटनेने या वर्षी ग्रीष्मचर्येवर आणखी एक व्याख्यानमाला घेण्याऐवजी फळ्यांकडे लक्ष द्यावे. प्रत्येक फळीवर मांडव हवा; त्याला लागणारे बांबू आणि तुराट्या गावातच मिळतात. मांडवाखाली पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण आणि अंग धुण्यासाठी वेगळी टाकी असावी. दुपारी बारा ते चार फळीवरचे काम थांबावे. ही मागणी वनविभाग, ग्रामसभा आणि ठेकेदार या तिघांकडे लेखी जावी, आणि तिच्यावर तालुक्यातील आपल्या सर्व सभासदांच्या सह्या असाव्यात. मसुदा तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने करू. मात्र तो तोडणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मार्च संपण्याच्या आत, त्यांच्या हाती पडला पाहिजे.