वॅटचा आकडा आणि किरणाची प्रत

स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषयावर लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. पुढील मजकूर अर्धाअधिक भौतिकशास्त्राचा आहे. परंतु त्याची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली आहे, म्हणून वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

पायाच्या फुगलेल्या शिरा मी ९८० नॅनोमीटरच्या डायोड लेसरने बंद करतो. शिरेच्या प्रत्येक सेंटिमीटरला ७० जूल द्यावयाचे, हा माझा परिपाठ. दहा वॅट, सात सेकंद, हिशेब सोपा. एका निवृत्त शिक्षिकाबाईंची शीर मात्र सहा महिन्यांत पुन्हा उघडली. मी माझ्या हातात दोष शोधत राहिलो. अखेर एका शास्त्रज्ञ स्नेह्यांनी पॉवर मीटर आणून तंतूच्या टोकाशी धरला. पडद्यावर दहा, मीटरवर सात! म्हणजे बाईंच्या शिरेला ७० ऐवजी ४९ जूलच मिळाले असावेत. पडद्यावरचा आकडा डायोडला दिलेल्या विद्युतप्रवाहावरून काढलेला होता. टोकाशी तो कोणी मोजलाच नव्हता.

हे तीन वॅट गेले कोठे, हे स्नेह्यांनी मला कागदावर आकृती काढून समजाविले. १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातून पहिला अवरक्त लेसर किरण मिळविला, तोही द्रव नायट्रोजनच्या थंडीत. आज एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर असे कित्येक उत्सर्जक शेजारी शेजारी बसवितात. प्रत्येकाचे मुख सुमारे शंभर मायक्रॉन रुंद, पण जाडी जेमतेम एका मायक्रॉनची. त्यामुळे प्रकाश एका दिशेला तीस-चाळीस अंश फाकतो, तर दुसऱ्या दिशेला दहाच्या आत राहतो. उत्सर्जक वाढविले की वॅट वाढतात हे खरे. परंतु उगमाची रुंदीही तितकीच वाढते, आणि तेजस्विता होती तेथेच राहते. कोणतेही साधे भिंग ही उणीव भरून काढू शकत नाही. चारशे मायक्रॉनच्या तंतूत जेवढे मावते तेवढेच आत जाते. उरलेला प्रकाश जोडणीवर पडून तिला तापवितो, प्रसंगी जाळतो. पट्टी सोल्डर करताना दोन-तीन मायक्रॉन वाकली तरी समोरच्या सूक्ष्म भिंगाची रेषा चुकते. या वाकण्याला इंग्रजीत 'स्माइल' म्हणतात. हे नाव कोणा विनोदी अभियंत्याने ठेवले असावे.

उपाय आहेत. उत्सर्जक सुटे करून त्यांचे किरण जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक रचणे, निरनिराळ्या तरंगलांबींचे किरण जाळीच्या साहाय्याने एकाच वाटेवर आणणे, तांब्याच्या सूक्ष्म नलिकांतून पाणी फिरवून उष्णता काढणे. डायोडला दिलेल्या विजेचा निम्म्याच्या आसपासचा भाग उष्णतेतच जातो. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात वातानुकूलन बंद ठेवून हे यंत्र चालविणाऱ्यांनी याचा विचार करावा. या सर्व गोष्टींना पैसा लागतो, आणि स्वस्त यंत्रात प्रथम कात्री लागते ती येथेच. माहितीपत्रकावर मात्र वॅटचा आकडा ठळक छापलेला असतो. आपणही तोच पाहून यंत्र घेतो. मीही तसेच घेतले.

केस काढण्याच्या यंत्राला, जेथे त्वचेचा मोठा ठिपका उजळायचा असतो, किरणाच्या प्रतीची फारशी मातब्बरी नाही. शीर, भगेंद्र, मूळव्याध यांसाठी तंतू वापरणाऱ्यांनी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे: टोकाशी किती वॅट, किती जाडीच्या तंतूतून, आणि अर्धा तास चालविल्यावर किती? उत्तर लेखी घ्यावे. माझ्या विक्रेत्याने पहिल्या प्रश्नावरच तंतूवरील धुळीला दोष दिला. तंतू बदलला, मीटर सातावरच राहिला.

आपल्या शहरात राजा रामण्णा केंद्रासारखी लेसरवर काम करणारी संस्था असताना आपण डॉक्टर मंडळींनी हे अंधारात करावे, याचे मला वैषम्य वाटते. मंडळाने एक पॉवर मीटर विकत घ्यावा आणि सभासदांच्या दवाखान्यांत तो वर्षातून दोनदा फिरवावा. निम्मा खर्च मी देईन. शिक्षिकाबाईंची शीर मी दुसऱ्यांदा बंद केली, विनामूल्य. पहिल्या वेळी काय घडले तेही त्यांना सांगितले. "मग आधी मोजले का नाही, डॉक्टर?" एवढेच त्यांनी विचारले.