गग्ग भिक्खूचा ठराव आणि आमचा ठराव

गेल्या महिन्यात आमच्या टोलीतल्या विहारात एक ठराव झाला. विषयपत्रिकेवर विषय नव्हता. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून घुसवला. ठराव असा : सचिवाची 'प्रकृती ठीक नसते', सबब त्याला पदावरून मोकळे करावे. सात हात वर झाले. मी तिथंच बसलो होतो. मला कोणी काही विचारलं नाही. रजिस्टर माझ्याकडंच असतं, म्हणून तो ठरावही मीच लिहून घेतला. माझा हात थरथरतो. लिथियमच्या गोळीनं थरथरतो. अक्षर वाकडं आलं. एकजण हसला.

पद गेलं त्याचं सोयरसुतक नाही. पण मी विहाराला कुलूप लावत होतो तोवर आमच्यातलेच एक जुने कार्यकर्ते माझ्या घरी पोचले आणि बायकोला सांगून मोकळे झाले : "बाई, पोरीले घेऊन माहेरी जाय. पागल माणसाचा भरवसा नसते. उद्या काई झालं त समाजाचं नाव खराब."

पोरगी नऊ वर्षांची. चुलीपाशी बसून ऐकत होती. रात्री तिनं विचारलं, "बाबा, मले मामाच्या गावी कायमचं जा लागते का?"

पोरीला मी उत्तर दिलं. आता तुम्हाला देतो.

आधी आजार काय ते सांगतो. बायपोलर. म्हणजे मन कधी तापतं, कधी विझतं. तापलं की रात्र-रात्र झोप नाही आणि थकवाही नाही. जगातले सगळे प्रश्न आपणच सोडवणार असं वाटतं. विझलं की पाण्याचा लोटा उचलवत नाही. 2019 च्या एप्रिलात जयंतीच्या तयारीत मी पाच रात्री झोपलो नाही. पताका बांधल्या, पत्रकं लिहिली, गावोगाव भाषणं ठोकली. तुम्हीच म्हणत होता, "काय दम आहे गा या माणसात!" सहाव्या दिवशी मी बायकोच्या बचतगटाचे पैसे साऊंडवाल्याला देऊन आलो, घरातले धानाचे कट्टे वाटून टाकले आणि तिनं अडवलं तर तिच्यावर गुरासारखा ओरडलो. हात उचलला नाही. पण पोरगी तेव्हा अंगणवाडीत होती. ती खाटेखाली जाऊन लपली. हे मी विसरलेलो नाही आणि तुमच्यापासून लपवतही नाही.

पण हिशेब नीट करा. पाच रात्री मी 'निष्ठावंत' होतो. सहाव्या दिवशी 'पागल' झालो. आजार तर पहिल्याच रात्री आला होता. तुम्ही त्याला टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर उपचार सुरू झाले. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर. तिथलं मनोरुग्णालय 1864 सालचं. इंग्रज गेले, पण आपल्या तोंडातला 'पागलखाना' गेला नाही. लिथियम म्हणजे काही जादू नाही, एक साधा क्षार आहे. ज्या 1949 साली बाबासाहेबांनी संविधान देशाच्या हाती दिलं, त्याच साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं त्याचा उपयोग जगापुढं मांडला. गोळी स्वस्त आहे. पण तिच्यासाठी ठरावीक महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. उन्हात घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं की रक्तात लिथियम चढतं. मग उलट्या होतात, झोकांड्या जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसाला हे कोण सांगतं? मागं एकदा जंगलातून झोकांड्या खात आलो तर फळीवर सगळे म्हणाले, "सकाळीच लावून आला." दारू मी 2019 पासून शिवलो नाही.

आता तुमचे मुद्दे घेतो. चोरून बोलता, मी उघड लिहितो.

पहिला मुद्दा : चळवळीला वाघ पाहिजेत, मनानं पडलेली माणसं नकोत. वाघाच्या गोष्टी मला सांगू नका. बाबासाहेब बाप होते. त्यांची पाच लेकरं. त्यातली चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू, आणि 1926 मध्ये राजरत्न. एकटे यशवंतराव उरले. 27 मे 1935 ला रमाई गेल्या, तेव्हा हा माणूस खोलीत बसून लेकरासारखा रडला असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला तोच माणूस येवल्यात उभा राहिला. बाबासाहेबांना माझा आजार होता असं मी म्हणत नाही. तसा खोटा आधार मला नको. मी इतकंच म्हणतो, की रडणारा बाप आणि लढणारा पुढारी एकाच देहात राहू शकतात. तुम्ही भिंतीवरचा फोटो तेवढा पाहिला.

दुसरा मुद्दा जड आहे, म्हणून जरा थांबतो. तुम्ही म्हणता, 'मानसिक आजार' हा प्रस्थापितांचा शब्द आहे. आपला पोरगा जातीनं मारला की ते म्हणतात, त्याला नैराश्य होतं. खरं आहे. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला, आणि सरकारी चौकशी आयोगानं बोट ठेवलं ते त्याच्या वैयक्तिक कारणांवर. विद्यापीठ धुतल्या तांदळासारखं. 'मन' या शब्दाआड जात लपवायची, ही त्यांची जुनी युक्ती.

पण त्यांनी शब्द चोरला म्हणून आपण माणूस टाकायचा का? जातीनं जखम केली हे खरं, आणि जखमेला औषध लागतं हेही खरं. खाणीत फुप्फुस खराब झालेल्या मजुराला आपण म्हणतो का, की आधी खाणमालकाचा नायनाट होऊ दे, मग खोकल्याचं औषध घे? दोन्ही लढाया एकाच वेळी चालतात. आणि ऐका, माझा आजार सगळा जातीनं दिला असंही मी म्हणणार नाही. हा आजार बामणाच्या घरातही होतो, पाटलाच्या घरातही होतो. फरक पुढं पडतो. त्यांच्याकडं डॉक्टरची फी असते, बंद खोली असते, बिनकामाचा पगार असतो. माझ्याकडं एका खोलीचं घर, राईस मिलातली रोजी आणि पातळ भिंत. ताप सारखाच, पण पांघरूण सारखं नाही. जात तिथं आहे.

आता खैरलांजी. आपल्याच मोहाडी तालुक्यातली. 29 सप्टेंबर 2006. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. मागं राहिले भैयालाल भोतमांगे, नवरा आणि बाप. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. 14 जुलै 2010 ला नागपूर खंडपीठानं ती जन्मठेपेवर आणली. अॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. 20 जानेवारी 2017 ला भैयालाल हृदयविकारानं गेले. या सगळ्या तारखा आपल्याला पाठ आहेत, मोर्चात म्हणतो. ते मनानं आजारी होते असं मी म्हणत नाही. तो मला अधिकार नाही. मी माझं सांगतो. दहा वर्षांत खैरलांजीवर मी किती भाषणं केली याची मोजदाद नाही. पण त्या बापाला रात्री झोप लागत असेल का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. न्याय मागायला मला तो बाप हवा होता. त्या बापाला काय हवं, ते मी विचारलं नाही. आज माझ्यावर पाळी आली तेव्हा हे कळलं. उशिरा कळलं.

तिसरा मुद्दा : लेकरू बिघडेल. या आजाराचा काही भाग रक्तातून येतो, खोटं कशाला बोलू. पण आई-बापांपैकी एकाला असला तरी बहुतेक लेकरांना तो होत नाही. लेकरू बिघडतं ते न बोलल्यानं. बापाला काय होतं हे कोणी सांगत नाही, मग त्या जिवाला वाटतं आपलंच काही चुकलं. माझ्या पोरीला मी सांगितलंय. तिच्याकडं एक वही आहे. रोज सकाळी विचारते, "बाबा, किती तास झोपले?" आणि आकडा लिहिते. तिला मी हे काम दिलं नव्हतं. तिनंच घेतलं. मला ते बोचतं. नऊ वर्षांच्या पोरीनं बापाची झोप मोजू नये. पण टोलीतल्या एकाही मोठ्या माणसानं ते काम अंगावर घेतलं नाही, म्हणून तिनं घेतलं.

घरातले नियम असे : दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली की पासबुक आणि गाडीची चावी बायकोच्या हातात. वाद घालायचा नाही. तिसऱ्या रात्री नागपूर. हे मी शुद्धीत असताना लिहून सही केलंय. एक बाप आणखी काय करतो?

आता धम्माकडं येतो, कारण ठराव विहारात झाला.

पटाचारेची गोष्ट आठवा. नवरा, दोन लेकरं, आई, बाप, भाऊ, सगळे गेले आणि ती भान हरपून नागडी फिरू लागली. लोक ढेकळं मारत होते. तथागत प्रवचन करत होते तिथं ती आली. लोक म्हणाले, या वेडीला इकडं येऊ देऊ नका. तथागतांनी येऊ दिलं. कुणीतरी अंगावरचं वस्त्र टाकलं तिच्याकडं. पुढं ती संघातली मोठी थेरी झाली. तुम्ही त्या गोष्टीत कुठं उभे आहात? ढेकळंवाल्यांत, की वस्त्र टाकणाऱ्यांत?

अंगुत्तर निकायात तथागत सांगतात : रोग दोन, देहाचा आणि मनाचा. देहानं शंभर वर्षं निरोगी राहणारा एखादा सापडेल; पण मनानं क्षणभरही निरोगी असा माणूस, अर्हत सोडले तर, सापडणं कठीण. म्हणजे विहारात हात वर करणारे सातही जण माझ्याच रांगेत.

आणि आता गग्ग. विनयपिटकाच्या महावग्गात आहे. गग्ग नावाचा भिक्खू वेडा होता. कधी त्याला उपोसथाची आठवण राही, कधी नाही. कधी येई, कधी नाही. संघाचं काम अडलं. काय केलं संघानं? हाकलला नाही. रीतसर प्रस्ताव मांडला : गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ त्याच्यासह किंवा त्याच्याविना उपोसथ करील. मंजूर. म्हणजे संघाचं काम चालू राहिलं, गग्गावर दोष आला नाही आणि त्याची जागाही गेली नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की संसदीय कामकाजाचे नियम भिक्खू संघाला माहीत होते. ठराव, गणपूर्ती, मतदान, सगळं. मित्रहो, त्याच पद्धतीनं अडीच हजार वर्षांपूर्वी एका वेड्या माणसाची जागा राखली गेली. त्याच पद्धतीनं तुम्ही माझी काढून घेतली.

कायदाही ऐका, कारण ते जुने कार्यकर्ते घरी जाऊन कायदाच सांगून आले. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो : आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते कोर्टानं ठरवायचं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो नसो, सरकारी ठिकाणी उपचार फुकट. अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा 1956 चा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात संसार सोडून गोसावी झालेल्या बापाचं नैसर्गिक पालकत्व जातं. आजारी बापाचं जातं असं तिथं लिहिलेलं नाही. घटस्फोटाच्या कायद्यात मनोविकाराचं कलम आहे, खरं. पण 1988 साली रामनारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती आणि कसा हे पाहावं लागतं. टोलीतल्या पुढाऱ्याला तो अधिकार कोणी दिला?

अधिकार फक्त एका बाईचा आहे, माझ्या बायकोचा. तिनं तिथंच सांगितलं : "पोरगी माजी हाये तशी त्यायचीबी हाये. जाची येळ आली त मी जाईन. तुमी सांगून नाई." उद्या ती गेली तर मी आडवा येणार नाही. पण ती समाजाच्या नावासाठी जाणार नाही.

म्हणून पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. आयत्या वेळचा नाही, आधी कळवून :

एक. सचिव बरा असताना काम करील. नसेल तेव्हा सहसचिव करील. जागा त्याचीच.

दोन. रात्री दहानंतर बैठक नाही. जयंतीत कोणीही लागोपाठ दोन रात्री जागणार नाही. जो जागेल त्याला टाळ्या नाहीत, घरी नेऊन झोपवा.

तीन. नागपूरच्या तारखेला सोबत एक माणूस. पाळीपाळीनं.

चार. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लिथियम आणि त्याची रक्ततपासणी मिळावी म्हणून मोर्चा. मागणी माझ्या एकट्याची नाही. टोलीत आणखी कोण-कोण लपून गोळ्या खातं ते मला माहीत आहे. नावं सांगणार नाही. 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे. विहाराच्या फळ्यावर लिहा.

पाच. कोणाच्या घरात कोणाचं लेकरू कुठं राहील, हा समितीचा विषय नाही.

पोरीला मी काय सांगितलं? सांगितलं : "कायमचं नाई जा लागत. माजी तब्येत बिघडली त आठ दिवस मामाकडं जाशीन. मंग मी सोता घ्याले येईन." तिनं विचारलं, "आणि वही?" म्हटलं, वही आता समितीकडं दे.

रजिस्टर कोरं आहे. हात वर करा, नाहीतर तोंडावर नकार द्या. हात थरथरला तरी लिहून मीच घेणार.

जय भीम.