आजीचें स्नान

स्मृतिभ्रंश झालेल्या आजीस स्नान घालणें हा कित्येक घरांतून नित्याचा कलह होऊन बसतो. 'म्हातारी हट्टास पेटली' असें म्हणून दोघेजण तिला धरून न्हाणीघरांत नेतात. माझ्या मतें हा हट्ट नसून भय होय. या रोगांत चकाकणाऱ्या ओल्या फरशीवर पाऊल कोठें पडेल तें उमजत नाहीं. डोक्यावर अकस्मात् ओतलेलें पाणी आघातासारखें वाटतें. आणि लेकीसुनांची ओळख बुजल्यावर वस्त्रें उतरविणारा हात परक्याचा भासतो. मग तिनें हात उगारल्यास नवल तें काय?

स्वच्छता अवश्य पाहिजे; परंतु आठवड्यांतून दोनतीन स्नानें बहुधा पुरतात. न्हाणीघर उबदार व पाणी कोमट असावें. न हालणारी उंच बैठक द्यावी, अंग वस्त्रानें झांकलेलें राहूं द्यावें, प्रत्येक कृति आधीं सांगावी व पाणी प्रथम पायांवर घालावें. नकार आल्यास वाद न घालतां कांहीं वेळानें पुनः विचारावें. तेंही न साधल्यास ऊन पाण्यांत पिळलेल्या पंचानें अंथरुणांतच अंग पुसावें. अमेरिकेंतील शुश्रूषागृहांत झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा सौम्य रीतींनीं रुग्णांचें अंगावर धांवून येणें निम्म्याहून अधिक घटलें.

प्रभु शिष्यांचे पाय धुवूं लागला तेव्हां पेत्रानेंही प्रथम नकारच दिला होता. प्रभूनें त्याचा पाय ओढला नाहीं. त्याच्याशीं बोलून त्याची संमति मिळविली. पालकांनीं तितकाच धीर धरावा. आणि विद्यार्थिमित्रहो, आजीचा हात धरून तिच्याशीं गोड बोलत बसणें, एवढें तुमच्यानें खास होईल.