रेसिंगचा ट्रॅक आणि आपला रस्ता

मुलांना रेसिंगचं वेड असतंच. म्हणून मुंबईच्या जेहान दारूवालाची गोष्ट मी वर्गात सांगतो. 2019 च्या फॉर्म्युला थ्री हंगामात त्याने दोन शर्यती जिंकल्या आणि एकूण तिसरा क्रमांक मिळवला. मुलं टाळ्या वाजवतात.

पण गोष्ट इथेच थांबवू नये, असं माझं मत आहे. त्याच हंगामात, 31 ऑगस्टला, बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्युबेर हा 22 वर्षांचा फ्रेंच चालक अपघातात गेला. जेहानची स्पर्धाही तेव्हा तिथेच होती. हेल्मेट, मजबूत गाडी, डॉक्टर, सगळं जवळ असूनही जीव वाचला नाही.

आणि आपल्या खापरखेड्यात? कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून आठवी-नववीची पोरं विनाहेल्मेट, तिघं-तिघं बसून ट्यूशनला जातात. अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. दंड भरता येतो हो. पोरगं परत आणता येत नाही.

गाडीची किल्ली खुंटीवर नको, कपाटात ठेवा. आणि जेहानचा विजय सांगताना ह्युबेरचं नावही सांगा.